मुकादमांची नासपती

मुकादम बसत नसत. चहासुद्धा उभ्यानेच, एका हातात बशी, दुसऱ्या हातात कप, आणि परसातल्या नासपतीभोवती फेऱ्या चालू. त्या फेऱ्यांनी झाडाभोवती गोल पायवाट पडली होती. "यांना चक्कर कशी येत नाही?" माझी बायको विचारी. चक्कर त्यांना नाही, बघून बघून मला येई.

ऐंशीच्या सुमारास आम्ही नेरूळच्या नव्या बैठ्या घरांत शेजारी म्हणून आलो. मधे तारेचे कुंपण. मी मुंबईत एका कचेरीत कारकून. ते रबाळ्याच्या एका कारखान्यात हमालांवर मुकादम. मूळचे जालन्याकडचे. वडील जन्मभर दुसऱ्यांच्या मोसंबीच्या बागांत राबले, हेही विशीपर्यंत तेच करत होते. नासपतीचे कलम कारखान्यात माल आणणाऱ्या सहारनपूरच्या एका ट्रक ड्रायव्हरने ओल्या पोत्यात गुंडाळून आणून दिले होते.

खाडीकाठी नासपती लावलेली पाहून सगळी आळी हसली. मीही हसलो. मुकादम फेरी न थांबवता म्हणाले, "हसा साहेब. आमच्या बापानं हजार झाडांचा बहार धरला, पण त्यातलं एक फळ त्याचं नव्हतं. हे झाड माझं हाय. याचं एक फळ हातात आलं, की बास."

त्यांच्या हाताला गुण होता. फाटकाशी "जय भीम, मुकादम" अशी हाक आली की समजावे, कुणीतरी मरगळलेली कुंडी घेऊन आले आहे. मुकादम मातीत बोट खुपसत आणि म्हणत, "बाई, लाडानं मारताय याला. पाणी तोडा." महिन्याने त्याच कुंडीला कळ्या येत.

चौथ्या वर्षी, थंडी पडताच, त्यांनी नासपतीला ताण द्यायला घेतला. मोसंबीला देतात तसाच. पाणी बंद केले, बुंध्याभोवतीची माती काढून मुळ्या उन्हाला उघड्या टाकल्या, पाने हाताने ओरबाडली. चाळीस दिवस असेच ठेवायचे, मग भरपूर खत आणि पाणी.

मला ते बघवेना. मी गिरगावातल्या चाळीत वाढलेला. झाड माहीत ते गॅलरीतल्या डब्यातले.

"मुकादम, मरेल हो ते!"

"न्हाई मरत. झाड जरा भ्यालं पायजे साहेब. भ्यालं की मग पोराबाळांचा इचार करतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या पाळीला गेले. माझा अळूचा वाफा कुंपणाला लागूनच होता. तिथे मी दोन बादल्या जास्त ओतल्या. त्यांच्या बाजूची माती कोरडीच दिसत होती, पण झाडाच्या मुळ्या तारेखालून माझ्या वाफ्यात आलेल्या होत्या, हे मला ठाऊक होते. मग रोजच ओतू लागलो. एका तहानलेल्या जिवाला पाणी देतोय, असे वाटून कचेरीत दिवस बरा जाई.

त्या वर्षी झाडाला नुसता पाला आला. पुढच्या वर्षीही तेच. मुकादमांच्या फेऱ्या वाढल्या. एकदा माती चोळत ते माझ्याकडे वळले. "साहेब, वरून कोरडं ठणठणीत हाय. मला वाटतं खालून खाडीच पाजतीया याला. तुमाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "असेल. खाडीच असेल."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. तिसऱ्या वर्षी तरी बादली खाली ठेवायला हवी होती. पण मी थांबलो आणि बहार आला, तर दोन वर्षे मीच नडत होतो हे मला कळले असते. ते कळून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी ओतत राहिलो.

त्यानंतर कुंड्या घेऊन येणाऱ्यांना मुकादम फाटकातूनच परत पाठवू लागले. "दुसऱ्या कुनाला दाखवा. माझा हात गेला." चहा तेवढा उभ्यानेच, पण झाडाकडे पाठ करून. निवृत्त होताच घर मुलाला दिले आणि गावी निघाले. सामान टेम्पोत चढले तेव्हा कुंपणाशी येऊन म्हणाले, "पोराला यातलं काय कळत न्हाई. झाडाकडं तुमीच बघा, साहेब."

त्या थंडीत मी त्यांच्यासारखाच ताण दिला. मुळ्या उघडल्या, पाने काढली आणि माझा अळूचा वाफा उपटून टाकला. चाळीस दिवस घरात बसवत नव्हते. त्यांच्याच पायवाटेवरून फिरत होतो. माघ संपता संपता झाड पांढऱ्या फुलांनी भरले. आषाढात अकरा फळे उतरली, कडक, करकरीत. सगळी आळी बघायला आली. "साहेबांनी नेरूळात नासपती पिकवली!" लोक म्हणाले आणि मी ते म्हणू दिले.

दोन फळे मी त्यांच्या मुलाबरोबर गावी पाठवली. सोबत चिठ्ठी: झाडाला बहार आला. एवढेच.

उत्तराचे पोस्टकार्ड आले. अक्षर नातीचे असावे, शब्द त्यांचे. "फळं पोचली. एक पोरांनी खाल्लं, एक बापाच्या फोटोपुढं ठेवलं. तुमचा हात चांगला. ताण किती दिवस दिला ते कळवा. मी कुठं चुकलो ते बघायचं आहे."

मी कळवले नाही. आज लिहू, उद्या लिहू, म्हणता म्हणता दोन पावसाळे गेले, आणि एका सकाळी मुलाने कुंपणापलीकडून सांगितले, "काका, अण्णा गेले."

पोस्टकार्ड माझ्यापाशी आहे. ज्यांनी त्या वर्षी माझे कौतुक केले, त्यांतले थोडे अजून आहेत, म्हणून हे त्यांच्या देखत लिहितो.

मुकादम, ताण चाळीस दिवसच दिला. तुम्ही द्यायचात तसाच, त्यात काही बदल केला नाही. खाडीचा काही संबंध नव्हता. पाणी मी घालत होतो.