जीपला लागलेली हळद

काल हळदीचं दूध गॅसवर ऊतू गेलं आणि त्या करपट वासासरशी मी थेट सोनईच्या रस्त्यावर जाऊन पोचले.

दादाच्या लग्नात त्याची उष्टी हळद नवरीला लावायला घेऊन मी आणि मामा दादाच्याच जुन्या जीपमधून निघालो होतो. वाटेत बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. रेडिएटर गळत होता. गाडी निवल्यावर मामांनी पंखा आणि रेडिएटर यांच्यामधल्या सांदीत हात घातला. भोक सापडलं, त्यावर बोट दाबलं आणि हात कोपरापाशी अडकला. तसेच वाकून ते म्हणाले, "हळदीनं भोक बुजतंय. वत ती वाटी."

"मामा, ही नवरीची हळद आहे."

"मग नवरीपत्तुर पोचायचं हाय का न्हाई?"

मी रडत रडत हळद पाण्यात कालवली आणि रेडिएटरच्या तोंडात ओतली. गळती थांबली. हळदीबरोबरचं तेल कोपराला चोळून मामांचा हातही सोडवला.

सोनईत नवरीच्या आईनं रिकामी वाटी पाहिली, मग मामांचा पिवळा हात पाहिला आणि घरातला हळदीचा डबा काढला. आता लग्न मोडतंय, असं मला वाटलं होतं.

मोडलं नाही. पण नवऱ्याची उष्टी हळद जिला लागली ती पहिली बायको, असं वहिनी दादाला अजून ऐकवते. जीप आजही दारात उभी आहे आणि तो रोज सकाळी स्वतःच्या चहाआधी तिला पाणी पाजतो.