भट्टीतली काळी साय

सकाळी फोन आला. "अहो, वसुधा गेली..." एवढंच तिचे यजमान अविनाशराव म्हणाले. मग बराच वेळ त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत राहिला. काही आठवडे झाले, तरी तो कानातून जात नाही.

वसुधा माझी एम.एस्सी.पासूनची मैत्रीण. पुढे पुण्यातल्याच एका संस्थेत आम्ही शेजारशेजारच्या प्रयोगशाळांत कामाला लागलो. तिचं काम पोटात लोखंड भरलेल्या कार्बनच्या नळ्या वाढवण्याचं. फेरोसीनची नारिंगी पूड तापवून वाफ करायची आणि आर्गॉन वायूच्या झोताबरोबर ती भट्टीतल्या लांब काचेच्या नळकांड्यात सोडायची. तिथं वाफेचं विघटन होतं, काचेवर नळ्या उगवतात आणि उगवतानाच लोखंड पोटात घेतात. त्या इतक्या बारीक, की केस त्यांच्यापुढे दोरखंड वाटावा. भट्टी निवली की काचेवर मखमली काळा थर दिसे. "साय काय छान धरलीय बघ!" ती म्हणायची. या नळ्या एक दिवस औषध थेट कर्करोगाच्या गाठीपर्यंत नेतील, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

एके दिवशी दुपारी ती माझ्या खोलीत आली, ती उतरलेल्या चेहऱ्यानंच. बाहेरच्या ज्या टेबलावर विद्यार्थी डबे खात, त्यावरून तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं होतं. पिशवीवर बारीक काळी लव उभी राहिली होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तिच्याच नळ्या. धूर बाहेर नेणारा पाइप भिंतीमागे कुठंतरी तडकला होता... कधीपासून, ते कुणालाच सांगता येईना.

तिनं भट्टी बंद केली. खराडीच्या एका कंपनीला नमुने द्यायचे होते, त्यामुळे विभागप्रमुख चिडले.

"वसुधाबाई, पुण्यात धूळ कुठं नाही?"

"खरंय सर. मग आजचा डबा आपण त्या टेबलावर खाल का?"

सरांनी दुरुस्तीच्या अर्जावर सही केली. पाइप बदलला, गाळण्या बसल्या, विद्यार्थ्यांच्या छातीच्या तपासण्या झाल्या. सगळी मुलं ठणठणीत निघाली. वसुधाचा फोटो मात्र डॉक्टरांनी पुन्हा काढायला लावला.

पुढे तिचा खोकला वाढत गेला. फुप्फुसं कडक होत चालली होती. कारण हेच, असं कुणी डॉक्टर म्हणाला नाही, आणि तिनंही कधी म्हणू दिलं नाही. "पुरावा नाही, तर बोलायचं नाही," असं ती ऑक्सिजनच्या मास्कमधून मला दटावायची. शेवटच्या भेटीत मात्र माझा हात धरून म्हणाली, "मुलं नीट आहेत ना गं?" ...मी हो म्हटलं. त्यावर तिनं डोळे मिटले.

परवा नारायण पेठेत तिच्या घरी गेले. हात धुवायला मोरीत गेले, तर कोपऱ्यात एक निळी बादली उपडी ठेवलेली होती.

"ती तिची," अविनाशराव दारातूनच म्हणाले. "प्रयोगशाळेतले कपडे त्यात वेगळे धुवायची. आम्हाला हात लावू द्यायची नाही. मी चेष्टा करायचो, की सायन्सवाल्या बाईंनी सोवळं धरलंय."

"पाइपचं कळल्यापासून?"

"छे हो. भट्टी आली, त्या पहिल्या दिवसापासून."

मी नळ सोडून हात धुतले. नळाखाली आता दुसरी बादली असते. त्या निळ्या बादलीला अजून कुणी हात लावत नाही.