मामांच्या शाळा

नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी शाळा ही आपलीच लेकरं आहेत, अशी माझ्या मामेसासऱ्यांची ठाम समजूत आहे. पोटची दोन मुलं बंगळूरला असतात, पण त्यांचे वाढदिवस मामींना लक्षात ठेवावे लागतात. मामांना विचाराल तर पेठकडच्या डोंगरात पहिला फळा कुणी डोक्यावरून वाहून नेला, कुठल्या गावचा पहिलीचा वर्ग मारुतीच्या देवळात भरायचा आणि आरती सुरू झाली की पाढे कसे थांबायचे, हे सगळं ते जेवता जेवता सांगतील. आधी शिक्षक आणि मग शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून त्यांनी जिल्हा पालथा घातला, पण निवृत्त झाल्याचं त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. पंचवटीच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून ते भाजीवालीला आधी गाव विचारतात आणि लगेच त्या गावच्या शाळेचे पत्रे वादळात कसे उडाले, मग स्लॅब कसा घातला, तिथपर्यंत पोचतात. "मामा, लय भारी, पण मेथी घेता का नाय?" असं ती विचारते तेव्हा मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली असते. एकदा रक्तदाब तपासणारे डॉक्टर चांदवडकडचे निघाले. त्यांच्या शाळेला दुसरा शिक्षक आधी मिळाला की दुसरी खोली, यावर दोघांचा असा वाद जुंपला की शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुमचं प्रेशर मी उद्या बघतो. आज माझंच वाढलंय."

त्यांना गाडीतून सटाण्याला न्यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. रस्त्यावरची प्रत्येक शाळा दिसली की "जावईबापू, जरा बाजूला घ्या" म्हणतात, हात मागे बांधून फाटकातून आत शिरतात आणि नव्या खोल्या मोजतात. त्यांचा तो रुबाब पाहून गुरुजींना वाटतं तपासणी आली. मुलं सरळ बसतात, चहा येतो. तो पिऊन झाल्यावर मामा सांगतात, "अहो, बसा बसा, मी रिटायर आहे."

मागच्या उन्हाळ्यात मात्र त्यांनी स्वतःच मला फोन केला. चांदवडजवळच्या एका वस्तीवरची शाळा बंद करून मुलांना शेजारच्या गावातल्या मोठ्या शाळेत पाठवायचं ठरत होतं. ही शाळा मामांनी तरुणपणी कांदे साठवायच्या चाळीत सुरू केली होती. पोरांच्या कपड्यांना कांद्याचा वास आला की पोरगं शाळेतच होतं हे आईला कळायचं, असं ते नेहमी सांगत. "गाडी काढा," एवढंच ते म्हणाले.

शाळेच्या ओट्यावर पालक जमले होते. मामा तासभर बोलले. चाळ सांगितली, पहिली खोली सांगितली, शाळेत आलेली पहिली मुलगी सांगितली. "जिल्हाभर शाळा वाढवल्या आम्ही, मिटवल्या नाहीत," म्हणताना त्यांचा आवाज चढला होता. मग एक बाई उभी राहिली.

"बाबा, तुमचं समदं खरं हाय," ती म्हणाली. "पण माझी पोर तिच्या वर्गात एकटीच हाय. तिकडं लय पोरी हायेत."

मुलगी आईच्या पदराआड होती. मामांनी तिला जवळ बोलावलं.

"मधल्या सुट्टीत काय खेळतेस गं?"

"काय नाय. बसते."

"लंगडी?"

"कोनासंगं?"

मामांनी रिकाम्या पटांगणावरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी पालकांना विचारलं, "मोठ्या शाळेत पोरांना न्यायची जीप किती वाजता निघेल? पहिल्या दिवशी सोडायला मी येणार."

आणि आलेही. मुलांच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून त्यांनी मोठ्या शाळेचा सगळा इतिहास वाटेत सांगून टाकला. मी मागून माझी गाडी चालवत होतो. पुढच्या जीपमधून आधी त्यांचा एकट्याचा आवाज येत होता, मग मुलांचं हसणं येऊ लागलं. मोठ्या शाळेच्या फाटकाशी ती मुलगी आधी त्यांचं बोट सोडेना. मग आतून तिच्याच वयाची एक पोर आली, "चौथीत हायेस का?" म्हणाली आणि तिचा हात धरून घेऊन गेली. मुलीने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. तिची पाण्याची बाटली मामांच्या हातातच राहिली.

"हाक मारू का तिला?" मी विचारलं.

"नको. त्या पोरीचं पाणी पिईल. तेवढीच ओळख वाढेल."

नाशिकला येईपर्यंत ती गुलाबी बाटली त्यांच्या मांडीवर होती आणि मामा खिडकीबाहेर बघत होते. घरापाशी उतरताना त्यांनी ती नीट काखेत धरली.

"उद्या सकाळी मोकळे आहात ना, जावईबापू?" ते म्हणाले. "पोरीची बाटली द्यायला जायला हवं."