फळीवरची पेटी

"बोटं बरी आहेत. ताल बरा आहे. आणि सूर..." गुरुजींनी कानामागे तळवा धरला. मान तिरकी केली. सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत होता. "सूर काही ऐकू आला नाही बुवा!"

वर्ग हसला. पहिल्या रांगेतली पोरं मागं वळून हसली. मागची पोरं उभी राहून हसली. मी व्हरांड्यात, उंबऱ्याच्या बाहेर मांडी घालून बसलो होतो. मांडीवर एक फळी होती. तिच्यावर काजळीनं आणि खडूनं पेटीच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या काढलेल्या होत्या. खरी पेटी आत होती. मी फळीवर बोटं चालवायची, गुरुजींनी आतून बघायचं आणि मार्क द्यायचे, अशी माझी परीक्षा.

सुराच्या मार्कांत मला शून्य मिळालं.

निपाणीतल्या त्या शाळेत वाद्यवर्ग नवीन होता. तंबाखूच्या एका बड्या व्यापाऱ्यानं पेटी दिली होती, आणि प्रत्येक मुलानं ती शिकलीच पाहिजे अशी त्याची अट होती. त्यामुळं वाद्याचा विषय सक्तीचा. बोटांचे मार्क, तालाचे मार्क आणि सुराचे मार्क. सुरात नापास तो विषयात नापास. विषयात नापास त्याला बोर्डिंगमधून घरी जावं लागायचं. बोर्डिंग आमच्यासारख्यांचं होतं. तिथली भाकरी होती म्हणून माझी शाळा होती.

ती पेटी दर गुरुवारी व्यापाऱ्याच्या घरी भजनाला जायची. म्हणून मी तिला हात लावायचा नाही. आम्ही होलार. लग्नात, देवाच्या पालखीपुढं सनई वाजवायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्याकडं. आमची सनई शुभ. आमचा हात तेवढा चालत नव्हता.

फळी गुरुजींनीच केली होती. हे मला सांगितलं पाहिजे. सुताराकडून तासून आणली, पेटीशेजारी ठेवून माप घेतलं आणि स्वतःच्या हातानं एकेक पट्टी काढली. कुठलं बोट कुठं, हे ते मला उंबऱ्याच्या आत उभं राहून मन लावून शिकवायचे. आपण या पोरावर उपकार करतोय असं त्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. कितीतरी दिवस मी ती फळी पिशवीत जपून नेत होतो, काजळी पुसली जाऊ नये म्हणून.

शून्य मिळालं त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी व्हरांड्याच्या पायरीशी थांबलो. गुरुजी बाहेर आले.

"गुरुजी, फळीतनं सूर कसा काढू?"

"तेच तर," ते म्हणाले. "फळीतून सूर येत नाही, मग मी मार्क कुठून आणू? खोटे देऊ?"

ते खरंच विचारात पडले होते. मग म्हणाले, "शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येणार आहेत. दारात सनई पाहिजे. तुझ्या वडिलांना घेऊन ये. मग सुराचं बघू काहीतरी."

मी गावाकडं चालत निघालो. आमचं गाव सदलग्याच्या वाटेवर. वाटेत मी एकच हिशेब करत होतो, आप्पाला कसं आणायचं. कारण आप्पाची छाती गेली होती. हंगामात तो त्याच व्यापाऱ्याच्या वखारीत तंबाखू चाळायचा. ती धूळ छातीत बसली होती. चार पावलं चालला की थांबायचा. सनई खुंटीला होती. लग्नाच्या सुपाऱ्या घेणं त्यानं बंद केलं होतं.

आणि दुसरी एक गोष्ट होती. त्यानं मला सनई शिकवायला घेतली होती, तेव्हा मीच नको म्हणालो होतो. "सनईवाल्याला भाईर उभा करत्यात. पेटीवाल्याला आत बसवत्यात. मी पेटी शिकनार." असं मी त्याच्या तोंडावर म्हणालो होतो. तो रागावला नव्हता. "शीक की," एवढंच म्हणाला होता.

घरी गेलो. आप्पा अंगणात बसला होता. मी सांगितलं.

आईच आधी बोलली. "ह्यांच्या छातीतनं रात्रंदिवस शिट्टी वाजतीया, आनि तू सनई वाजवाय न्हेतोस? डोस्कं ठिकान्यावर हाय का तुजं?"

आप्पा म्हणाला, "दाराम्होरं उबं ऱ्हायाचं हुईल का रं मला? लई येळ न्हाय हुनार."

तेव्हा मी बोललो. "दारात न्हाय आप्पा. आत बसवनार हायती. गालिच्यावर. गुरुजींनी सांगितलंय."

हे मी बनवून सांगितलं. कुणीच असं म्हणालं नव्हतं.

आप्पानं माझ्याकडं बघितलं. "आत? मला?" मग आईकडं बघून हसला. "ऐकलंस का गं? पंचक्रोशीतली लगीनं लावली ह्या सनईनं, पर मांडवात कवा पाय ठिवला न्हाय. आता शाळंत बसवत्यात."

"खोकशीला आनि चार लोकात हसं हुईल," आई म्हणाली.

"गप गं. पोराचा सूर अडलाय."

तपासणीच्या दिवशी आप्पा आला. पटका धुतलेला. सनई नव्या फडक्यात गुंडाळलेली. कुणाच्या तरी बैलगाडीतून आला असावा, कारण दमलेला दिसत नव्हता. फाटकातून तो सरळ आत चालत आला. आपल्याला बोलावलंय अशा चालीनं. मी त्याला तसं चालताना कधी बघितलं नव्हतं.

शिपाई ओरडला, "ए! कुठं घुसतोस? दारातच थांब!"

आप्पा थांबला. त्याला वाटलं, शिपायाला माहीत नसेल. "मला आत बोलावलंय," तो म्हणाला.

"कुनी? पाव्हना हाईस काय?"

आप्पानं व्हरांड्याकडं बघितलं. मी तिथं फळी घेऊन बसलो होतो. आमची नजर मिळाली. मला फक्त उठून म्हणायचं होतं, "हा माझा बाप आहे, ह्याला बसायला द्या." एवढंच. मी फळीकडं बघायला लागलो. पट्ट्या मोजायला लागलो.

आप्पा मागं फिरला. फाटकाबाहेर, लिंबाखाली उभा राहिला.

साहेबांची मोटार वेळेवर आली नाही. रस्त्यावर जरा धूळ उठली की गुरुजी हात करायचे आणि आप्पा सनई तोंडाला लावायचा. धुळीतून गुरांचा कळप निघायचा. सनई थांबायची. पुन्हा धूळ, पुन्हा हात, पुन्हा सनई. एकदा बैलगाडी निघाली, एकदा बाजाराला जाणाऱ्या बाया. मुलांना गंमत वाटायला लागली. आप्पाचे गाल फुगायचे, मानेच्या शिरा वर यायच्या. सनई खाली आली की तो झाडाला हात टेकून वाकायचा. मला व्हरांड्यात त्याचा खोकला ऐकू येत होता. मी गुरुजींना म्हणू शकत होतो की त्याला पाणी द्या. मी म्हणालो नाही. सुराचे मार्क मिळेपर्यंत मला तोंड उघडायचं नव्हतं.

शेवटी मोटार आली. आप्पानं सूर धरला. नाकानं श्वास ओढत, गालात वारा साठवत त्यानं सूर तुटू दिला नाही. साहेब त्याच्यासमोरून आत गेले. "थांब" असं कुणी म्हणालं नाही, म्हणून तो वाजवत राहिला.

आत व्यापाऱ्याचा मुलगा पेटी वाजवून दाखवत होता. मी दाराशी फळीवर बोटं चालवत होतो. शाळेत सगळ्या जातींच्या मुलांना वाद्य शिकवतात, हे साहेबांना दिसायला हवं होतं. पेटीवर एक धून चालली होती, बाहेर सनईवर दुसरी. माझी बोटं कधी पेटी सोडून सनईमागं गेली ते मला कळलं नाही. ती धून मी पाळण्यातून ऐकत आलो होतो. बोटं आपोआप चालत होती. त्या एका वेळी माझ्या फळीला आवाज होता.

साहेबांनी विचारलं, "हा मुलगा काय करतो?"

"पेटी शिकतो, साहेब."

"मग आवाज का येत नाही?"

गुरुजी हसले. "आवाज त्याचा बाप बाहेरून काढतोय, साहेब."

साहेब मोठ्यानं हसले. मग मास्तर हसले, मग पोरं. "मग द्या की मास्तर, सुराचे मार्क!"

"दिले साहेब. पैकीच्या पैकी."

आणखी हसणं झालं. बेळगावात, आणि नंतर आमच्या वस्तीतही, ही गोष्ट वेगळी सांगितली जाते. त्या गोष्टीत मी उठतो, फळी गुडघ्यावर मोडतो आणि तुकडे साहेबांच्या पायाशी फेकतो. असं काही झालं नाही. मी वाजवत राहिलो. साहेब वळून जाईपर्यंत माझी बोटं फळीवर चालत होती. मोटार गेल्यावर मी फाटकाबाहेर आलो.

आप्पा झाडाला टेकून बसला होता. तोंड काळंनिळं पडलं होतं. बोलायला त्याला वेळ लागला.

"मिळालं?"

"मिळालं."

"मग झालं."

गालिच्याचं त्यानं विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढंही कधी नाही. घरी आईला त्यानं काय सांगितलं मला माहीत नाही. पण आई मला म्हणाली होती, "आत बसवलं म्हनं तुज्या आप्पाला. चा दिला म्हनं." मी हो म्हणालो.

पुढच्या वाद्यवर्गाला मी उंबऱ्याबाहेर बसलो. गुरुजींनी पट्टीनं ताल धरला. माझे हात उठले नाहीत. मी ठरवून काही केलं नाही. हात नुसते मांडीवर पडून राहिले.

"वाजव."

"न्हाय वाजवत."

"काय म्हणालास?"

"ह्यात आवाज न्हाय, गुरुजी."

"उद्धट! बाहेर उभा राहा!"

"मी भाईरच हाय, गुरुजी."

या वेळी कुणी हसलं नाही. मी फळी उचलली आणि चालायला लागलो. माझा नकार एवढाच. तिथं साहेब नव्हते, टाळ्या नव्हत्या. आणि तो नकार मार्क पदरात पडल्यानंतरचा होता, हेही लिहून ठेवतो. ते मार्क मी परत केले नाहीत. त्यांच्यावर मी वर्ष काढलं. पुढच्या परीक्षेत वाद्यात नापास झालो आणि बोर्डिंग सुटलं. फळी आईनं रांजणावर झाकण म्हणून ठेवली. पाण्यानं पट्ट्या पुसून गेल्या.

मी बेळगावला आलो. मिळेल ते काम केलं, रात्री शिकलो. आमच्या लोकांच्या सभा व्हायच्या तिथं जायला लागलो. एका सभेत मला उभं केलं, बोल म्हणाले. समोर आमचीच माणसं होती, डोळे मोठे करून बघणारी. त्यांना काहीतरी मोडलेलं ऐकायचं होतं. मी फळी मोडली. साहेबांच्या पायाशी फेकली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला हव्या होत्या. मग पुढच्या सभेतही मोडली. दर सभेत मोडत गेलो. त्या गोष्टीत बाप बसत नव्हता. दारात उभा राहून माझ्या मार्कांसाठी वाजवणारा बाप असला, तर फळी मोडणारा मुलगा खोटा ठरला असता. म्हणून मी त्याला काढून टाकलं.

वडगावातल्या एका सभेला आप्पा आला होता. मला न सांगता. मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. मी त्याला बघितलं तेव्हा फळी मोडून झाली होती.

सभेनंतर आम्ही मोटार अड्ड्याकडं चाललो. तो थांबत थांबत चालत होता. मी त्याच्या शेजारी थांबत होतो. दम खात म्हणाला, "लई भारी सांगितलंस. मानसं रडत व्हती."



मग म्हणाला, "पर मी व्हतो की रं तिथं."

त्यात राग नव्हता.  मी त्याला गाडीत बसवून दिलं. देश स्वतंत्र झाला ते बघायला तो राहिला नाही. सनई त्याच्यासोबत मातीत गेली. मी ती वाजवायला कधी शिकलो नाही.

आता शाळेकडून निरोप आलाय. शाळेचा मोठा समारंभ आहे. गुरुजींची तसबीर लावणार आहेत आणि तिच्याशेजारी, त्यांच्या वर्गातला बंडखोर विद्यार्थी म्हणून माझा सत्कार करणार आहेत. निरोप घेऊन आलेला तरुण मास्तर चांगला होता. "आजोबा, त्या फळीचे तुकडे असतील तर द्या, काचेच्या पेटीत ठेवू," म्हणाला. त्याला पाणी दिलं. तुकडे नाहीत, असं सांगितलं. बाकीचं सांगायला तोंड उघडलं नाही. त्या रात्री स्वतःची लाज वाटली, या वयात पुन्हा.

मी जाणार आहे. फाटकाच्या आत पाऊल ठेवणार नाही. शाल घेणार नाही, खुर्चीवर बसणार नाही. लिंब असेल तर लिंबाखाली, नसेल तर उन्हात, आप्पा उभा होता तिथं उभा राहणार. आणि तिथूनच सांगणार की फळी मोडली नव्हती. सुराचे मार्क माझे नव्हते, ते माझ्या नावावरून काढा. ज्याच्या छातीतून ते काढले त्याचं नाव घ्या. गुरुजींच्या तसबिरीचं तुमचं तुम्ही बघा.

आवाज माझाही आता खोल गेलाय. आतल्या माणसांना ऐकू जाणार नाही. ज्यांना ऐकायचं असेल, त्यांनी उठून बाहेर यायचं.