भीमनगरचा पिलिया

आजाराला वस्तीचं नाव देणारा कोणी शहाणा भेटला, तर त्याला दादारावांची गोष्ट जरूर सांगा.

दादाराव सौसर तालुक्यातल्या एका गावात पाणी सोडतात. पंचायतीच्या या कामाला एकोणीस वर्षं झाली. पहाटे पाचला खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून निघायचं. आधी वरच्या आळीचा व्हॉल्व्ह, मग शाळेकडचा, आणि सगळ्यांत शेवटी त्यांच्या स्वतःच्या भीमनगरचा. तिथं पोचेपर्यंत धार करंगळीएवढी उरते. कोणी कुरकुरलं तर म्हणतात, "टाकी ज्याच्या जवळ, त्याले पाणी पयले."

त्यांची बायको कमल वरच्या आळीत भैय्याजींच्या शेडवर संत्री निवडायची. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता भैय्याजींच्या नऊ वर्षांच्या नातवाला, कुलदीपला, कावीळ झाली. आमच्याकडे पिलिया म्हणतात. त्याच्यासाठी रोज उसाचा रस कमलच आणून द्यायची. आळीतली आणखी चार घरं आजारी पडली. सगळी गाडी करून नागपूरला गेली आणि बरी होऊन परतली. गावात कुठं वाच्यता झाली नाही.

पंधरा दिवसांनी भीमनगरातली माणसं पिवळी पडायला लागली. त्यांना कुठलं नागपूर! ती सरकारी दवाखान्यात गेली, तिथं त्यांची नोंद झाली, आणि ज्यांची नोंद झाली त्यांच्याच माथी रोग मारला गेला. पंचायतीचा भोंगा लावलेला ऑटो गावभर ओरडत फिरला, "भीमनगरच्या पिलियापासून सावध राहा!"

झालं. किराणावाला भीमनगरच्या माणसाच्या हातात पुडी वरून टाकू लागला. मी तिथल्याच शाळेत मास्तर, माझ्या वर्गात पोरं भीमनगरच्या पोरांशेजारी बसेनात. खोटं कशाला बोलू, बहिणीशी फोनवर बोलताना ते नाव माझ्याही तोंडून गेलं. लाज वाटली मला. पण माझ्या लाजेचा काय उपयोग? नाव तोवर पांढुर्ण्यापर्यंत पोचलं होतं.

मग भैय्याजींनी कमलला शेडच्या दारातच थांबवलं. "थोडे दिवस येऊ नको कमल. लोकं विचारून राहिले, भीमनगरच्या बाया मालाले हात लावते काय म्हणून."

ज्या घरात आजार आधी शिरला, त्याच घरानं हे म्हणावं! माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती इथं.

तिसऱ्या दिवशी दादारावांनी पाणी सोडलंच नाही. कुदळ घेतली आणि भैय्याजींच्या शेडसमोर, जिथं पाइप नालीखालून जातो, तिथं खणायला लागले. भैय्याजी धावत आले.

"दादाराव, काय करून राहिला तू हे?"

"दोन महिन्यांपासून पंचायतीत सांगून राहिलो, पाइप इथं फुटला हाय. कोणी आयकलं नाही. पाणी पयले तुमच्याकडे येते, मंग शाळेत, मंग आमच्यात. मंग रोग आमचा कसा काय?"

खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा पाइप दिसला. त्याला बोटभर चीर होती आणि नालीचं काळं पाणी तिच्यातून आत जात होतं. अर्धं गाव वाकून पाहत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पाइप बदलला. ऑटो पुन्हा फिरला, "पाणी उकळून प्या!" भीमनगरबद्दल अवाक्षर नाही. वस्तीतला अंकुश चिडून म्हणाला, "आता आपण म्हणू, भैय्याजीचा पिलिया!" दादाराव त्याच्यावर डाफरले. "त्या लेकरानं काय केलं बे? जे नाव आपल्याले लागलं, ते त्याले लावतं काय?" मी असतो तर भाड्यानं भोंगा आणला असता. पण दादारावांचं मन माझ्याएवढं कोतं नाही.

चार दिवसांनी भैय्याजी भीमनगरात आले. गाडीतून उतरले नाहीत. कमल दारात भांडी घासत होती.

"कमल, भीमनगरचा पिलिया संपला ना? ये मंग उद्यापासून. माल पडून हाय."

कमल उठली नाही. "कुलदीप बरा हाय ना, भैय्याजी?"

"हाव, एकदम."

"त्याले कोणता पिलिया झाल्ता?"

"कोणता म्हंजे? साधा पिलिया."

"मंग आमालेबी साधाच झाल्ता. हे भोंग्यावर गावभर सांगा. त्या दिवशी येतो मी कामावर."

भैय्याजींनी काच वर केली आणि गाडी वळवली.

तो भोंगा आजवर वाजलेला नाही. कमल आता सकाळच्या बसनं लोधीखेड्याला दुसऱ्याच्या शेडवर जाते. तिथल्या बाया विचारतात, कुठची गं तू? ती गावाचं नाव सांगते, वस्तीचं सांगत नाही. बाबासाहेबांच्या नावाची वस्ती, आणि ते नाव तिला गिळावं लागतं.