निळशिंगीचा मालक

माझ्या ताईच्या दिराइतका नियमाला धरून वागणारा माणूस मी अख्ख्या मुंबईत पाहिला नाही, आणि त्याने स्वतः रचलेल्या जगातही दुसरा कुणी नव्हता. बसस्टॉपवर एकटा असला तरी तो रांगेत उभा असावा तसा उभा राही. कॅरम खेळताना समोरच्याच्या लक्षातही न आलेला स्वतःचा फाऊल आपणच जाहीर करी आणि वर सोंगटी परत ठेवायला विसरलात म्हणून समोरच्यालाच झापी. एकदा डॉक्टरांनी ‘जेवणानंतर’ म्हणून दिलेली गोळी हातात धरून तो पाऊण तास बसला होता, कारण दोन बिस्किटांना जेवण म्हणावं का, याचा निकाल लागत नव्हता. तोवर डोकेदुखी आपोआप थांबली. मग त्याने गोळी पुडीत घालून तारीख टाकली.

मरोळच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. बोटीवर नोकरी करणाऱ्या मित्राने ऐंशीच्या दशकात कधीतरी त्याला परदेशातून एक खोका आणून दिला. आत एक जाडजूड पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. खेळ असा, की एकाने एक जादूचं जग चालवायचं आणि बाकीच्यांनी पात्रं होऊन त्यात हिंडायचं. पुस्तकातलं जग त्याला ढिसाळ वाटलं, म्हणून त्याने आपलं नवं बनवलं. नद्या, किल्ले, राक्षसांच्या गुहा, सगळं मापात. खोक्यातला फासा फारच हलका म्हणून कारखान्यात पितळेचा करून आणला. तो पडला की खालच्या मजल्यावरून माणूस वर येई.

दर रविवारी दुपारी चेंबूरच्या त्याच्या दोन खोल्यांत आम्ही जमायचो. ताई झाली होती चोर, तिचा नवरा, म्हणजे भावजी, मांत्रिक आणि मी तलवारबहाद्दर. बँकेत कारकून असलेले भावजी मांत्रिक होऊनही दुपारी दोननंतर डुलक्याच काढत. बाकी पहाड, वारा, घुबड, राजा, सगळ्यांच्या वतीने बोलायचा तो दीर. आणि आतल्या खोलीत ताईच्या मालवणी सासूबाई तांदूळ निवडत असायच्या.

तर त्या जगात निळशिंगी नावाची एक वनस्पती होती. महिन्यातून एकदा, एकाच कड्यावर, एकच. कुठलंही विष उतरवणारी. तिचं चित्र त्याने काढलं होतं ते समोरून, वरून आणि मधोमध कापून, पानाची जाडी मिलिमीटरमध्ये देऊन. मला तिची फार गरज होती, कारण एका नागिणीच्या फुत्काराने मी कमरेपर्यंत दगड झालो होतो. सहा महिने ताई आणि भावजी मला हातगाडीवर घालून डोंगरातून हिंडवत होते. ताई म्हणायची, “बारीक हो रे थोडा, चढ आहे.”

कडा दोनदा सापडला. पहिल्यांदा ताईने पटकन कापून निळशिंगी कमरेला खोचली, तिची राख झाली. दुसऱ्यांदा भावजींनी डुलकीतून उठून मंत्राने मुळासकट उपटली, पुन्हा राख. “काय चुकलं ते तरी सांग ना यार!” मी ओरडलो. त्याने वहीत नोंद केली. “सांगणं नियमात बसत नाही,” म्हणाला. पण त्याचं तोंड उतरलं होतं, ते आमच्याहून जास्त.

त्याच सुमारास त्याला मस्कतला नोकरी लागली. त्याने होकार कळवला, सही केली आणि मग घरी येऊन आईला सांगितलं. सासूबाई “बरा” म्हणाल्या आणि तांदूळ निवडू लागल्या. त्यानंतर पंधरा दिवस त्या त्याच्याशी फक्त जेवणाखाणाचं बोलत होत्या. बुधवारचं विमान आणि शनिवार आला तरी त्याची सूटकेस रिकाम्या पोटाने कोपऱ्यात उघडी पडलेली. आईने एकदा ‘जा’ म्हटल्याशिवाय त्याच्याने तिच्यात रुमालही ठेववत नव्हता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

शेवटचा खेळ म्हणून आम्ही त्या शनिवारी जमलो. पुन्हा कडा, पुन्हा निळशिंगी. ताईने चाकू काढला, तोच आतून आवाज आला, “अरे मेल्यांनो, झाडाक आदल्या दिसा आवतान दिल्याशिवाय कोण हात लावता?”

“आई, खेळात नसलेल्याने बोलायचं नाही.”

“मगे माका खेळात घी.”

आणि सासूबाई सूप बाजूला सारून येऊन बसल्या. मग कळलं, की भावजींचे वडील गिरणीतून सुट्टी काढून गावी गेले की झाडपाल्याचं औषध देत. आदल्या संध्याकाळी झाडापुढे हळदकुंकू, अक्षता ठेवून सांगत, उद्या न्यायला येतो. सकाळी पुन्हा विचारत आणि मगच पान खुडत. धाकटा मुलगा, म्हणजे हाच दीर, त्यांचं बोट धरून जाई. भावजीही जात, पण ते विसरून गेले होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांची झोपच उडाली.

आवतण दिलं. “आता तोडू?” मी घाईने विचारलं. “उद्या,” दीर म्हणाला. “आदल्या दिवशी म्हणजे आदल्या दिवशी.” आम्ही मुकाट्याने घरी गेलो आणि रविवारी पुन्हा आलो.

सासूबाईंनी नकाशापुढे खरोखर हात जोडले. “नेव काय गो तुका? पोराचा विख उतरूचा हा.” निळशिंगीच्या वतीने त्याने बोलायचं होतं. त्याने पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. मग हळूच म्हणाला, “ने.”

मी पाय मोकळे झाल्याच्या आनंदात उडी मारणार होतो, पण सासूबाई त्याच्याचकडे बघत होत्या. “झाडाक दोनदा विचारूक व्हया,” त्या म्हणाल्या, “आणि आवशीक?”

इतके नियम पाळणाऱ्या त्या माणसाला हा एक सुचला नव्हता. त्याने वही मिटली, सरकून आईसमोर बसला आणि विचारलं, “आई, मी जाऊ?”

“उद्या सांगतंय,” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

सोमवारी सकाळी कामाला दांडी मारून मी चेंबूरला गेलो. सूटकेस भरून झाली होती, तिच्यावर कुळथाच्या पिठाची पिशवी ठेवलेली, आणि तो कुलूप तीनतीनदा ओढून बघत होता. त्याचे डोळे लाल झाले होते, पण इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, झकास म्हणालो. पण खरं सांगतो, जिना चढताना मी मनातल्या मनात एकच गोष्ट घोकत होतो, की त्या माउलीने नाही म्हटलेलं असू दे.