आत्याच्या आनंदाविरुद्ध अर्ज

उभ्या वसई तालुक्यात माझ्या बायकोच्या आत्याइतकं विनाकारण आनंदी माणूस दुसरं सापडायचं नाही. उमेळ्यात जिथे तिची केळीची वाडी होती तिथे आता आमची इमारत आहे, आणि तिच्याच तळमजल्यावर आत्या राहते. नळाला पाणी आलं की खिडकीत उभी राहून हात जोडते, "पानी आलं, देव पावला!" नळ कोरडा राहून टँकर आला, तरी देव पावलेलाच. वीज गेली की डोळ्यांना विसावा मिळाला म्हणून पुन्हा त्याचेच उपकार. तिची संध्याकाळची आरती आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत पोचते. सुरापर्यंत मात्र अजून पोचलेली नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला नात झाली, तेव्हा हिनेच सगळ्या इमारतीत पेढे वाटले.

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कना हे सोसवेना. त्यांनी सोसायटीकडे रीतसर अर्ज दिला : ‘सदर महिलेच्या अकारण आनंदामुळे व सततच्या देव-देव करण्यामुळे इतर सभासदांस मानसिक त्रास होतो.’ सभेत अर्ज वाचला गेला तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. आत्याने मात्र अगदी मनापासून विचारलं, "भाऊ, किती वाजेपर्यंत खूश राह्यलं तर चालंल?"

सभा हसली. हेडक्लार्क लालबुंद झाले. "तुम्हाला कसलं दुःखच नाही का हो?"

"हाय की. पन ते घेऊन तुमच्या दारात आले का कधी?"

त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

मागच्या महिन्यात त्यांच्या बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन तातडीने करायचं ठरलं. मुलगा परदेशात. सकाळीच आमची बेल वाजली. दारात आत्या, हातात पेजेचा डबा. "जावई, चला. भाऊ तिथं एकटे हायत."

हॉस्पिटलात आम्हाला पाहताच हेडक्लार्क उसळले, "हे बघा, देव सगळं बरं करील वगैरे इथे सांगायचं नाही!"

 आत्या त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसली, ती चार तास तशीच. तिच्या तोंडून एक अक्षर नाही. मला तर तिचीच काळजी वाटायला लागली.

दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "छान झालंय सगळं." हेडक्लार्क आत्याकडे वळले. "ऐकलंत ना? छान म्हणाले. तुम्हीही ऐकलंत ना?" असं आत्यालाच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मग चमच्याची वाट न बघता त्यांनी डबाच तोंडाला लावला. माझा जीव भांड्यात पडला.

परतताना रिक्षात मी विचारलं, "आत्या, इतका वेळ गप्प कशा राहिलात?"

ती बाहेर बघत होती. "घाबरले होते, जावई. आमच्या ह्यांच्या वेळेला याच बाकावर बसले होते. तवा डॉक्टर आले ते खाली बघतच आले."

 तिने पदर सारखा केला आणि घर येईपर्यंत माझा हात सोडला नाही.